धुऊन परत केलेली खताची गाडी

सिल्व्हन पीटरशाइम आणि एझ्रा लँट्झ यांच्यात भांडण असतं, तर डीकन इनोस स्मकरने ते दोन दिवसांत मिटवलं असतं. भांडणं मिटवायचा त्याला चौदा वर्षांचा सराव होता. अडचण अशी होती की दोघांत भांडण नव्हतंच. दोघांनी एकमेकांची माफी मागितली होती, आणि ती द्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

प्रकरण जुलैत सुरू झालं. एझ्राची शेणखत पसरवायची गाडी मोडली, म्हणून त्याने शेजारच्या सिल्व्हनची मागून नेली आणि चार दिवसांनी परत केली. परत करण्याआधी त्याने ती धुतली, तळाच्या साखळीला वंगण घातलं, दोन कुजक्या फळ्या बदलल्या, आणि डब्यात थोडा रंग उरला होता म्हणून चाकंही लाल रंगवली. सिल्व्हनने सकाळी गोठ्याचं दार उघडलं तर समोर खताची गाडी नव्या नवरीसारखी उभी. त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बायकोला म्हणाला, "एझ्राला आपली गाडी घाण वाटली."

हे वाक्य बायकोने बहिणीला सांगितलं. बहिणीने ते कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं, त्यामुळे एझ्राच्या कानावर यायला त्याला गुरुवार उजाडला. एझ्रा हातातलं काम टाकून सिल्व्हनच्या अंगणात गेला आणि म्हणाला, "माझं चुकलं. मी दिखावा केला." सिल्व्हन ओशाळला. तो म्हणाला, "तुझं कुठे, माझंच चुकलं. माझ्या मनात वाईट आलं." एझ्रा म्हणाला, "ते माझ्यामुळे आलं." सिल्व्हन म्हणाला, "माझ्या मनाचा धनी मी." असे ते पाऊण तास उन्हात उभे राहिले आणि शेवटी दोघंही तणतणत आपापल्या घरी गेले. सप्टेंबर उजाडला तरी तेच चालू होतं.

पेक्वे ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांची चौतीस घरांची मंडळी होती, मोटार आणि वीज वर्ज्य मानणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांची. वर्षातून दोनदा तिथे प्रभुभोजन होई आणि त्याच्या दोन आठवडे आधी समेटाची सभा. त्या सभेत प्रत्येकाने सांगायचं असतं की माझं कुणाशी वाकडं नाही. एकाने जरी 'आहे' म्हटलं, तरी अख्ख्या मंडळीचं प्रभुभोजन थांबतं. सिल्व्हन आणि एझ्रा दोघंही प्रामाणिक होते. 'आहे' असं दोघंही म्हणणार होते.

या सगळ्याचा भार इनोसवर होता, कारण तो डीकन होता. होता म्हणजे काही त्याने ते मागून घेतलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी सहा जणांसमोर भजनाची सहा पुस्तकं मांडली होती, त्यातल्या एकात चिठ्ठी होती, आणि इनोसने उचललेलं पुस्तक नेमकं ते निघालं. या पदाला पगार नसतो, निवृत्ती नसते आणि राजीनामाही नसतो. कुणाच्या टोपीची कड नियमापेक्षा अरुंद झाली, कुणाच्या शेडमध्ये रेडिओ वाजला, की तिथे जाऊन तोंड उघडायचं काम डीकनचं. उरलेल्या वेळात तो घोड्यांचा साज शिवायचा. घोड्यांशी त्याचं जास्त जमायचं.

पण या वेळी इनोसचा जीव टांगणीला लागला होता, त्याचं कारण पद नव्हतं. कारण घरामागे, कोठाराच्या आडोशाला, सात रांगांत उभं होतं. त्याच्या बायकोने, मलिंडाने, यंदा सेलरीच्या भाजीची चारशे रोपं लावली होती. चौघांच्या घराला वीस सेलरी पुष्कळ होतात. चारशे लागतात त्या लग्नाला. पाहुण्यांना शिजवून घालायला आणि टेबलावर बरण्यांत मांडायला. इनोसची मुलगी एरी बावीस वर्षांची होती. तिचं लग्न ठरल्याचं मंडळीत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, कारण प्रभुभोजन झाल्यावर सभेत घोषणा होईपर्यंत ते सांगायचं नसतं आणि कुणी विचारायचंही नसतं. त्यामुळे जाणारे-येणारे बग्गी थांबवून कोठाराच्या मागे डोकावत, रांगा मोजत आणि पावसापाण्याचं बोलून पुढे जात.

थोडक्यात, आधी समेट, मग प्रभुभोजन, मग घोषणा, मग नोव्हेंबरात लग्न. पहिलं अडलं की सगळंच अडलं. दोन वर्षांपूर्वी असंच अडलं होतं. दोन जावांची एकाच गोधडीच्या टाक्यांवरून जुंपली होती आणि समेट व्हायला जानेवारी लागला. त्या वर्षी गावात बरीच सेलरी गाईंना घालावी लागली होती, एवढं इनोसला आठवत होतं.

तेव्हा इनोस जाऊ लागला. आधी सिल्व्हनकडे. सिल्व्हन मुरघासासाठी मक्याची कुट्टी करत होता. त्याने खेचरं थांबवली.

"सिल्व्हन, एझ्रा म्हणतो चूक त्याची."

"म्हणतो खरा."

"मग कर की माफ."

"कशाबद्दल? त्याने माझी गाडी दुरुस्त केली. असल्या माणसाला माफ करणारा मी कोण लागून गेलो? चूक माझी. वाईट माझ्या मनात आलं."

"बरं. त्याबद्दल त्याने तुला माफ केलं तर?"

"करतोय कुठे तो? म्हणतो, तुझ्या मनात आलं ते बरोबरच होतं." सिल्व्हनने टोपी काढून घाम पुसला. "आता तूच सांग. माझं पापसुद्धा त्याने बरोबर ठरवलं. मी माफी मागायची तरी कशाच्या जोरावर?"

इनोस एझ्राकडे गेला. एझ्राने त्याला स्वयंपाकघरात बसवून काकवी भरून भाजलेल्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचा जाड तुकडा पुढे केला. मन वळवायला आलेल्या डीकनला 'पाय' खाऊ घालायचा, म्हणजे निम्मा वेळ त्याचं तोंड भरलेलं राहतं, हे एझ्राला ठाऊक होतं.

"मी ती चाकं का रंगवली माहितेय?" एझ्रा म्हणाला. "लोकांनी बघावं म्हणून. रस्त्याच्या बाजूचं चाक आधी रंगवलं."

"पण तू दोन्ही रंगवलीस," इनोस घास गिळून म्हणाला.

"दुसरं नंतर रंगवलं. लाज वाटली म्हणून."

"एझ्रा, सिल्व्हनच्या मनात काही नाही. त्याला फक्त तुझी माफी पाहिजे."

"आणि मला त्याची. मी त्याच्या दारात सहा वेळा गेलोय, इनोस. तो माझ्या दारात पाच वेळा आलाय." एझ्रा हे सांगताना नम्रच होता, पण सहा हा आकडा त्याने जरा सावकाश उच्चारला.

इनोस असा सात वेळा गेला. सातव्या वेळी एझ्राच्या बायकोने 'पाय'ऐवजी नुसती कॉफी दिली.

शेवटी तो बिशप आयझॅक झूककडे गेला. आयझॅक सुतारकाम करायचा आणि बोलायच्या आधी लाकूड मोजावं तसा वाक्य मोजून घ्यायचा.

"आयझॅक, माझ्या डोक्यात एक विचार आलाय," इनोस म्हणाला. "प्रवचनकार आपण चिठ्ठीने निवडतो. डीकन चिठ्ठीने निवडतो. तर अपराधीही निवडावा. दोन पुस्तकं, एक चिठ्ठी. ज्याला निघेल तो गुन्हेगार, दुसऱ्याने माफ करायचं."

आयझॅकने इतका वेळ विचार केला की इनोसला आशा वाटू लागली.

"नको," आयझॅक म्हणाला.

"का?"

"समजा, चिठ्ठी सिल्व्हनला निघाली. एझ्रा म्हणेल, देवाने मला डावललं." त्याने रंधा उचलला. "दोघांना एका ठिकाणी बसव. सभेला दहा दिवस राहिलेत."

शुक्रवारी दुपारी दोघं इनोसच्या दुकानात आले. इनोसने हवेवर चालणारं शिलाईचं मशीन बंद केलं, दोघांना दोन स्टुलं दिली आणि स्वतः एका जुन्या खोगिरावर बसला. भिंतीवर लगाम, गळपट्टे आणि पट्टे टांगलेले होते. दाराशी एक इंग्रज बाई कुत्र्याचा पट्टा घ्यायला आली होती. आमिश नसलेल्या कुणालाही तिकडे इंग्रजच म्हणतात, मग ती व्यक्ती जपानची का असेना. इनोसने तिला हातानेच थांबायला सांगितलं.

"एझ्रा, तू बोल," इनोस म्हणाला.

"माझं चुकलं," एझ्रा म्हणाला.

"सिल्व्हन?"

"त्याचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"सिल्व्हन, तो म्हणतोय त्याचं चुकलं. तू फक्त 'माफ केलं' म्हण. दोन शब्द आहेत."

"मग खोटं बोलू? ज्याचा अपराध नाही त्याला माफ कसं करायचं?"

"बघ," एझ्रा इनोसला म्हणाला, "हा मला अपराधसुद्धा करू देत नाही."

"तुझ्यापेक्षा माझा मोठा आहे म्हणून," सिल्व्हन म्हणाला.

"मोठा कसा? तुझ्या नुसतं मनात आलं. मी प्रत्यक्ष केलं. रंगाचा ब्रश माझ्या हातात होता."

"मनातलं पाप खोल असतं. माझ्या आजोबांनी—"

"माझेही आजोबा होते."

आणि इनोस उठला. आपण उठलोय हे त्याला मागाहून कळलं, कारण तो बोलू लागला होता. हातात कातडं कापायची रापी होती, ती त्याने नशिबाने बाकावर ठेवली.

"तुम्ही दोघं नम्र नाही आहात," तो म्हणाला. "तुम्ही कोंबडे आहात. नम्रतेच्या उकिरड्यावर चढून आरवताय, आणि वरची जागा कुणाची यावर भांडताय. सिल्व्हन, तुझी गाडी घाणच होती. ती खताची गाडी आहे, तिला पाहिलं की माशासुद्धा रस्ता बदलायच्या. एझ्रा, तू ती धुतलीस ती सिल्व्हनसाठी नाही, तू तुझ्या बापालाही असंच धुऊन पुसून रस्त्याकडे तोंड करून बसवलं असतंस. तुम्हाला माफी नको आहे. तुम्हाला पहिला नंबर पाहिजे. जा आता, बाहेर जाऊन मागा एकमेकांची माफी, मरेपर्यंत मागा, मला सांगायला येऊ नका."

इनोसचा आवाज रस्त्यापलीकडच्या सामायिक टेलिफोनच्या खोपटापर्यंत गेला. तिथे फोन करत असलेल्या माणसाने नंतर सांगितलं की पलीकडच्या गिऱ्हाइकानेही तो ऐकला.

इंग्रज बाईने हळूच कुत्र्याचा पट्टा घेतला, पैसे बाकावर ठेवले आणि जाताना इनोसला उगीचच 'थँक यू' म्हणाली. सिल्व्हन उठला. एझ्रा उठला. दोघं दारात एकमेकांना 'तू आधी, तू आधी' न करता एकदमच बाहेर पडले, आणि सिल्व्हन चालत आला होता तरी एझ्राच्या बग्गीतून गेला.

इनोसने मशीन सुरू केलं आणि एक पट्टा उलटा शिवला.

सोमवारी बिशप आयझॅक आला. तो बसला नाही. एवढ्या लांबून येऊन बिशप बसत नाही म्हणजे काय ते इनोसला समजलं.

"सिल्व्हन आणि एझ्रा काल माझ्याकडे आले होते," आयझॅक म्हणाला. "एकत्र."

"एकत्र?"

"एका बाकावर बसले. त्यांच्यात आता काही राहिलं नाही. गाडीचा विषयसुद्धा निघाला नाही."

इनोसच्या छातीवरून खोगीर उतरल्यासारखं झालं. "देवाची कृपा," तो म्हणाला.

"त्यांची आता तुझ्याबद्दल तक्रार आहे."

इनोसने हातातला पट्टा बाकावर ठेवला.

"सिल्व्हनला माशांचं लागलं," आयझॅक म्हणाला. "एझ्राला बापाचं. म्हणाले, डीकनने असं बोलावं का. आणि मी त्यांना सांगू शकलो नाही की बोलावं. तेव्हा रविवारी सभेत तू कबुली दे. मी विचार केला, गुडघ्यावर नको, बसून पुरे. रागाला बसून चालतं."

"देतो की," इनोस म्हणाला. कबुली द्यायची एवढ्यावर जर सुटत असेल, तर तो डोक्यावर उभा राहूनही द्यायला तयार होता.

"मनापासून," आयझॅक म्हणाला आणि गेला.

अडचण इथे होती. इनोसने दुपारभर मनाचा कानाकोपरा झाडून पाहिला, त्याला पश्चात्ताप कुठेच सापडेना. उलट कोंबड्यांचं वाक्य आठवलं की त्याला बरं वाटायचं. संध्याकाळी जेवताना त्याने ते मलिंडाला सांगितलं. मलिंडा उकडलेले बटाटे कुस्करत होती.

"तुला वाईट वाटतंय का पण?" तिने विचारलं.

"नाही."

"थोडंही?"

"आवाज जरा मोठा झाला, त्याचं वाटतं. माणसं ऐकतील म्हणून."

"ते वाईट वाटणं नाही, इनोस. ती लाज."

"लाज चालणार नाही का?"

"आयझॅकला चालेल," मलिंडा म्हणाली, "पण सगळ्यांसमोर बाकावर वाकून बसायचं आणि मनात म्हणायचं, बरं बोललो, हे तुला जमणार आहे का? त्यापेक्षा प्रभुभोजन पुढे गेलेलं बरं."

तिने बटाट्यांत लोणी घातलं. हे वाक्य ती किती जड मनाने बोलली ते इनोसला कळलं. चारशे सेलरींना सकाळ-संध्याकाळ पाणी तिनेच घातलं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. खोटी कबुली दिली तर समेट होईल, प्रभुभोजन होईल, एरीचं लग्न नोव्हेंबरात लागेल, आणि ते खोट्यावर उभं राहील. खरं बोलला तर काहीच होणार नाही. इनोस कातडं कापत होता आणि पश्चात्तापाची वाट बघत होता, जशी एखादा न येणाऱ्या गिऱ्हाइकाची बघतो.

गुरुवारी दुपारी तो कोठाराच्या मागे गेला. एरी सेलरीच्या दांड्यांना मातीची भर देत होती, म्हणजे दांडे पांढरे आणि कोवळे राहतात. इनोसने दुसरं फावडं घेतलं. या रांगा कशासाठी आहेत हे त्या घरातसुद्धा कुणी मोठ्याने म्हणत नसे.

"डॅट," एरी बापाला म्हणाली, "तू त्यांना जे बोललास ते सगळ्या रस्त्याने ऐकलं."

"खरं तेच बोललो."

"खरं होतंच. सिल्व्हनची गाडी मी पाहिलीय." ती पुढच्या रोपाकडे सरकली. "तू त्या दोघांकडे किती वेळा गेलास?"

"सात."

"कशासाठी?"

"मंडळीत शांती राहावी म्हणून."

एरीने मान हलवली आणि माती ओढत राहिली. मग म्हणाली, "त्या गोधडीच्या वेळी किती वेळा गेला होतास?"

इनोसचं फावडं थांबलं.

"गेलो नव्हतो," तो म्हणाला. "पत्र पाठवलं होतं. दोघींना."

"पत्र?"

"पोस्टकार्ड."

"दोन पोस्टकार्डं."

"एकच. दोघी एकाच घरात राहायच्या."

एरी हसली नाही. इनोसला ती हसली असती तर बरं वाटलं असतं. "सलोमेकडे पाच रांगा होत्या तेव्हा," ती म्हणाली. "सगळ्या गाईंना घातल्या. सलोमे सांगायची, महिनाभर दुधाला वास येत होता."

सलोमे म्हणजे एझ्रा लँट्झची मुलगी. इनोसला ते सगळं आठवलं, आणि आठवलं म्हणजे तो विसरला होता असं नाही. त्या वर्षी ऑक्टोबरात एझ्रा दुकानात आला होता. दुरुस्तीला लगाम घेऊन आला होता, आणि लगामाला काहीही झालेलं नव्हतं. जाता जाता म्हणाला होता, "इनोस, ते जावांचं जरा लवकर मिटलं तर बरं." तो का म्हणतोय हे इनोसला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. एझ्राच्या शेतावरून जाताना त्यानेही रांगा मोजल्या होत्या. आणि तो म्हणाला होता, "देवाच्या वेळेला घाई नसते, एझ्रा." हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की घरी येऊन त्याने ते मलिंडालाही ऐकवलं होतं.

एझ्रा लगाम घेऊन गेला होता. नंतर दोन वर्षांत तो त्याबद्दल अक्षर बोलला नव्हता. सातही वेळा त्याने बसायला खुर्ची दिली होती.

तीन दिवस शोधून न सापडलेली गोष्ट अशी आपसूक आली, आणि आली तेव्हा ती आली नसती तर बरं झालं असतं असं इनोसला वाटलं. तो खाली बसला, सेलरीच्या दोन रांगांमध्ये, मातीत. एरीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या वाट्याची रांगही तीच भरू लागली.

समेटाची सभा बिशपच्या सुतारकामाच्या शेडमध्ये होती. भुसा झाडून बाकं मांडली होती, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. समेटाच्या सभेत प्रवचन बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरू होतं आणि दुपारच्या जेवणापर्यंत जेमतेम मिसर देशात पोचतं. लोक आळीपाळीने उठून ब्रेड, बीट आणि शेंगदाण्याचं लोणी खाऊन आले. तीनच्या सुमाराला आयझॅकने इनोसचं नाव घेतलं.

इनोस पुढच्या बाकावर बसला, वाकला आणि चेहरा हातांत धरला. रिवाज तसाच आहे. बोलणाऱ्याला कुणी दिसू नये आणि कुणाला तो दिसू नये.

"मी रागावलो," तो म्हणाला. "सिल्व्हनला आणि एझ्राला नको ते बोललो. पण तेवढंच नाही. मी त्यांच्याकडे सात वेळा गेलो. मंडळीसाठी जातोय असं सांगत होतो. मी माझ्या घरच्या कारणासाठी जात होतो."

शेडमध्ये बसलेल्या शंभर माणसांनी इतक्या निग्रहाने जमिनीकडे पाहिलं की घरचं कारण काय असेल याचा कुणाला अंदाजही नाही, असं कुणालाही वाटावं.

"दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरी तेच कारण होतं," इनोस म्हणाला. "मला ते माहीत होतं. मला कुणी येऊन सांगितलंही होतं. मी एक पोस्टकार्ड टाकलं आणि देवाचं नाव पुढे केलं. घाई देवाला नव्हती असं नाही. ती मला नव्हती. मी माफी मागतो."

मग तो बाहेर गेला, कारण मतं घेताना कबुली देणाऱ्याने आत थांबायचं नसतं. अंगणात तीसेक बग्ग्या ओळीने उभ्या होत्या आणि घोडे कुंपणाला बांधले होते. इनोस एकेका घोड्याचा साज बघत गेला. बरेचसे टाके त्याचेच होते. एका ठिकाणी दोरा सुटत आला होता, तो त्याने बोटाने दाबून ठेवला. आतून आवाज येत नव्हता. नेहमीपेक्षा वेळ लागत होता.

प्रवचनकार त्याला बोलवायला आला. "सगळ्यांनी हो म्हटलं," तो म्हणाला, "पण एझ्रा काहीतरी बोलतोय."

इनोस आत गेला तेव्हा एझ्रा उभा होता, आणि बिशप आयझॅक डोळे मिटून उभा होता.

"मी एवढंच म्हणतोय," एझ्रा म्हणत होता, "की इनोसची चूक नाही. लगामाचं निमित्त करून मी आडून बोललो. सरळ सांगितलं असतं तर तो गेला असता. तेव्हा चूक माझी—"

"एझ्रा," आयझॅक म्हणाला.

"—आणि शिवाय त्यानंतर मी प्रभुभोजनाला बसलो, माझं कुणाशी वाकडं नाही असं सांगून, म्हणजे खरं तर मोठा अपराध—"

"एझ्रा. बस."

एझ्रा बसला नाही, पण थांबला.

"आज एक अपराधी झालाय," आयझॅक म्हणाला. "एका सभेला तेवढा पुरे. तुझ्या अपराधाचं आपण नंतर बघू. मी तुला एकच विचारतो. दोन वर्षांपूर्वी इनोस तुला जे बोलला, ते तुला लागलं होतं का?"

एझ्राने टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवली. माफी मागायला सांगितली असती तर त्याने ती उभ्या उभ्या चार वेळा मागितली असती. हे विचारल्यावर मात्र तो घोटाळला. बायकांच्या बाजूला सलोमे मांडीवरच्या पोराला थोपटत होती; ती थांबली.

"तसं काही नाही," एझ्रा म्हणाला.

"लागलं होतं की नव्हतं?"

एझ्राने टोपी बाकावर ठेवली.

"लागलं होतं," एझ्रा म्हणाला. "फार लागलं होतं. मी घरी जाऊन जेवलो नाही." तो इनोसकडे बघत होता. "पोरगी रोज कॅलेंडर बघायची आणि तू मला म्हण सांगितलीस."

"हो," इनोस म्हणाला.

"आता तो माफी मागतोय," आयझॅक म्हणाला. "देतोस का?"

हे काम एझ्राला बिलकूल येत नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसलं. जुलैपासून तो माफी मागत होता. देण्याची पाळी त्याने स्वतःवर येऊ दिली नव्हती. द्यायची म्हणजे आधी सांगावं लागतं की लागलं होतं.

"देतो," तो म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, सिल्व्हनकडे वळून म्हणाला, "तुलाही. तू माझ्याबद्दल जे बोललास तेही लागलं होतं."

सिल्व्हनने तोंड उघडलं. त्याला बहुधा म्हणायचं होतं की चूक माझी. पण त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या भावाने त्याच्या पायावर पाय ठेवला, आणि सिल्व्हन नुसतं म्हणाला, "बरं."

बाकी मग पंधरा मिनिटांत झालं. प्रवचनकार रांगेरांगेतून फिरले, प्रत्येकाने आपली शांती सांगितली, आणि आयझॅकने जाहीर केलं की प्रभुभोजन आजपासून दोन आठवड्यांनी होईल. बायकांच्या बाजूला मलिंडाने मान वर केली नाही, पण मांडीवर घट्ट धरलेला रुमाल तिने सोडला आणि घडी घालून ठेवला. एरी भिंतीवरच्या करवतींकडे बघत होती. तिला करवतींत रस असल्याचं याआधी कुणाला माहीत नव्हतं.

बाहेर लोक घोडे जुंपू लागले. इनोस आपल्या घोड्याच्या पट्ट्याची कडी लावत होता, तेवढ्यात एझ्रा आला आणि पलीकडच्या बाजूची कडी लावू लागला. दोघंही घोड्याच्या आडून एकमेकांना फक्त टोपीएवढे दिसत होते.

"सलोमेचं शेवटी मार्चमध्ये झालं," एझ्रा म्हणाला.

"मी होतो."

"गुडघाभर चिखल. पाहुण्यांच्या बुटांनी घर असं भरलं की माझी बायको अजून म्हणते, एका फटीतली माती निघायची राहिलीय." त्याने कडी ओढून पाहिली. "पण लग्न चांगलं झालं."

"चांगलं झालं," इनोस म्हणाला.

एझ्रा घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. जायची वेळ झाली होती आणि तो जात नव्हता.

"नोव्हेंबरात मला लाकूड तोडायला जायचंय," तो म्हणाला. "मुलाकडे, एक आठवडा. मंगळवारी निघावं की गुरुवारी, ते ठरत नाही. लग्नाचे दिवस असतात, रस्त्यात गर्दी." तो घोड्याशी बोलत होता. "अर्थात कुणाचं कधी ते मला काय माहीत."

असं विचारायचं नसतं. आणि असं कुणी विचारलं तर डीकनने हवापाण्याचं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची असते. चौदा वर्षं इनोसने ती नेली होती, आणि घोषणेआधी ज्यांच्या तोंडून निसटलं त्यांच्या घरी जाऊन त्याने समजही दिली होती.

त्याने मागे पाहिलं. मलिंडा आणि एरी शेडच्या दाराशी बायकांशी बोलत होत्या, लांब.

"दुसऱ्या आठवड्यात जाऊ नकोस," इनोस म्हणाला. "गुरुवार आहे."

एझ्राने मान हलवली, जणू त्याला लाकडाचा भाव सांगितला होता, आणि तो आपल्या बग्गीकडे गेला.